शेगडी मोठी की बेताची?

प्रश्न : काका, आम्ही अमेरिकेत, व्हरमाँट राज्यात जुनं लाकडी घर घेतलंय. खालचा मजला ९०० चौरस फूट. लाकडावरची शेगडी बसवायची आहे. दुकानदार म्हणतो, इथली थंडी बघता २००० चौरस फूट जागा तापवणारीच घ्या. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, ताई. आमच्या पहिल्या घरात मी हीच चूक केली. खोली इतकी तापायची की ऐन जानेवारीत खिडक्या उघडाव्या लागत. मग हवेची झडप जवळजवळ मिटून ठेवायचो. लाकूड नुसतं धुमसायचं, काच काळी पडायची. तीच काजळी धुराड्यात आतून डांबरासारखी चिकटते. तिला क्रिओसोट म्हणतात, आणि ती पेटली की घर जाऊ शकतं. सफाईवाल्याने काढलेली चकचकीत काळी खपली माझ्या तळहातावर ठेवली, तेव्हा पोटात गोळा आला होता.

बेताची शेगडी रसरसून पेटते, धूर कमी करते. छताला इन्सुलेशन ठीक असेल तर तुम्हाला ताशी २५ ते ३० हजार बीटीयू (उष्णतेचं माप) देणारी पुरेल. जिना उघडा असेल तर ऊब वर पळते, तिथे जाड पडदा लावा. पहाटे उठून एखादा ओंडका टाकावा लागेल, तेवढं सोसा.

लाकूड मात्र आत्ताच फोडून रचा. ओकच्या लाकडाला वाळायला दोन उन्हाळे लागतात. ओल २० टक्क्यांखाली आल्याशिवाय जाळू नका.