गोव्यात पावसाळ्यानंतर माझ्या ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग जड झालंय, पुढून खटखट येते, स्टिअरिंगची रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा) बदलू का?

रॅकच्या मागे लगेच लागू नका हो, आधी पुढच्या चाकामागचं खालचं ट्रनियन बघा. पितळी तुकडा असतो, त्यात स्टीलचा व्हर्टिकल लिंक, म्हणजे चाक धरणारा उभा दांडा, आट्यांवर फिरतो, आणि गोव्यातली खारी हवा नि चार महिन्यांचा पाऊस म्हटल्यावर आत पाणी शिरून ते आटे गंजतातच. मेकॅनिक सवयीने ग्रीस मारतात, पण तिथे ईपी ९० गिअर ऑइल लागतं. दुर्लक्ष केलं तर लिंक तुटतो आणि चाक सरळ आडवं होतं, चोर्ला घाटात असलं काही नको बाबा!

चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ (ढिलेपणा) असेल आणि ब्रेक दाबल्यावर जात असेल तर चाकाचं बेअरिंग, नाही गेला तर ट्रनियन किंवा वरचा बॉल जॉइंट. चाकाच्या डाव्या-उजव्या कडा धरून हलवल्यावर खटखटलं तरच टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा) नि रॅककडे वळा. डाव्या-उजव्या ट्रनियनचे आटे उलटे असतात, ऑर्डर करताना बाजू सांगा. शॉक अॅब्सॉर्बरवरून स्प्रिंग उतरवायची असेल तर ती दाबून धरणाऱ्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय काढू नका. आणि सांध्यांत रबर बुश (रबरी नळकांडी) असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळून लवकर फाटतं. बॉनेट अख्खं पुढे उघडतं, त्यामुळे टायरवर बसून काम होतं.