शंभराची मागणी, साठाचा देकार

जुन्या, संग्राह्य कॉमिक्सच्या खरेदी-विक्रीवर आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जवळपास प्रत्येक पत्राचे घोडे भावावरच अडले आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून मागितलेली किंमत सगळीकडे 100 धरली आहे.

प्रश्न : विक्रेता 100 मागत असताना 60 सांगितले, तर त्याने उत्तरच दिले नाही. एवढा राग येण्यासारखे काय होते? किती खाली जाणे चालते?

60 ला आधार होता का, यावर ते ठरते. आधार शोधायचा तो झालेल्या विक्रीत. विक्रीला लावलेल्या प्रतींच्या किमती पाहून काही कळत नाही; कोणी काहीही मागू शकतो. मागच्या तीन महिन्यांत त्याच अंकाच्या, त्याच ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे प्रतीच्या स्थितीला 10 पैकी दिलेला गुण) किती प्रती प्रत्यक्ष विकल्या गेल्या ते पाहा. समजा पाच सापडल्या : 84, 79, 81, 110 आणि 78. यातली 110 वाली वेगळी काढा. ती सहीची प्रत असेल, किंवा लिलावात दोघे ईर्षेला पेटले असतील. उरलेल्या चारांची सरासरी साडेऐंशी येते. आता 72 ते 75 सांगितले तर विक्रेता चिडणार नाही. तो 85 म्हणेल आणि 80 च्या आसपास व्यवहार मिटेल. दोघेही थोडे हातचे राखूनच बोलत असतात. पण विक्री 95 च्या घरात होत असताना 60 सांगणे म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

तुलना करताना तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली म्हणजे लेबल. सीजीसी या ग्रेड देणाऱ्या कंपनीकडून ग्रेड होऊन प्लास्टिकच्या कवचात आलेली प्रत, म्हणजे स्लॅब, निळ्या लेबलची असेल तर तिची तुलना निळ्याशीच करा. जांभळे लेबल म्हणजे दुरुस्ती केलेली प्रत, हिरवे म्हणजे एखादा मोठा दोष बाजूला ठेवून दिलेला ग्रेड, पिवळे म्हणजे साक्षीदारासमोर झालेली सही. या सगळ्यांचे भाव वेगवेगळे असतात. दुसरी चूक टपालखर्चाची : एका विक्रीत तो धरलेला असतो, दुसरीत नसतो. तिसरी चूक, कवचाबाहेरच्या, म्हणजे रॉ प्रतीला स्लॅबचा भाव लावण्याची. तिच्याबद्दल पुढे बोलू.

ढोबळ मानाने, 10 ते 15 टक्के कमी सांगायला कारण द्यावे लागत नाही. 20-25 टक्के कमी सांगताना सोबत एक ओळ लिहा : ‘याच ग्रेडच्या अलीकडच्या चार विक्री 78 ते 84 दरम्यान आहेत, म्हणून 74 सांगतो.’ त्याखाली जायचे तर प्रतीत दोष हवा, नाहीतर तुम्ही एकदम दहा-बारा अंक घेणार असायला हवेत. किंमत ‘फिक्स’ लिहिली असेल तर आकडा सांगूच नये. ‘पुढे कधी कमी केलीत तर कळवा’ एवढे एकदा लिहून थांबावे. आणि ‘शेवटची किंमत काय?’ हा प्रश्न टाळलेलाच बरा. त्यात तुम्ही स्वतःचा आकडा लपवून समोरच्याला स्वतःशीच घासाघीस करायला लावता.

प्रश्न : मी विक्रेता आहे. निम्म्या किमतीचे देकार रोज येतात. उत्तर देणे बंधनकारक आहे का?

नाही, पण एका ओळीचे दिलेले चांगले : ‘धन्यवाद, एवढ्यात जमणार नाही.’ उलट आकडा फक्त त्यालाच द्या, ज्याचा आकडा तुमच्या तळापासून, म्हणजे तुम्ही मनात धरलेल्या कमीत कमी किमतीपासून, 10-15 टक्क्यांत आहे. 50 सांगणाऱ्याला 90 म्हटलेत की तो 70 ला मध्य मानून बसतो. बहुतेक विक्री-संकेतस्थळांवर ठरावीक आकड्याखालचे देकार आपोआप नाकारायची सोय असते, ती वापरा. उपदेश मात्र करू नका. आज निम्मे सांगणारा उद्या तुमचा पूर्ण रन, म्हणजे मालिकेच्या सलग अंकांचा संच, उचलणारा असू शकतो. आणखी एक : ‘फिक्स’ आणि ‘देकार सांगा’ दोन्ही एकाच जाहिरातीत लिहिलेत, तर येणाऱ्या देकारांचा दोष तुमचाच.

प्रश्न : प्रत हातात घेऊन दोष दाखवला की विक्रेते नाराज होतात. न दाखवता भाव कसा करायचा?

दोष दाखवावाच, पण एकदा आणि नेमका. ‘मागच्या मुखपृष्ठावर पाण्याचा डाग आहे, खालच्या स्टेपलला गंज आहे, मला ही 6.0 वाटते, तुम्ही 8.0 लावली आहे’ असे म्हटले की बोलणे ग्रेडवर येते. ‘अगदीच खराब आहे हो’ म्हटले की ते माणसावर जाते. शिवाय प्रत इतकी खराब असेल तर तुम्ही घेताय कशाला, हा त्याचा प्रश्नही रास्त असतो.

पिशवी उघडण्याआधी विचारा. हात धुतलेले आणि पूर्ण कोरडे हवेत. चिकटपट्टी आधी सोडवून पूर्ण काढून टाका किंवा पिशवीच्या मागच्या बाजूला चिकटवा. प्रत बाहेर काढताना मोकळी पट्टी मुखपृष्ठाला चिकटून रंग उचलते, हा सर्वांत जास्त होणारा अपघात आहे. पाठीमागचा पुठ्ठा प्रतीखालीच ठेवून दोन्ही एकत्र बाहेर काढा. मग क्रमाने पाहा : कण्यावरचे ताण (घडीच्या कडेवरच्या बारीक मोडी), कोपरे, स्टेपल, मधले पान दोन्ही स्टेपलना धरून आहे का, सगळी पाने आहेत का, कागद किती पिवळा पडला आहे आणि मुखपृष्ठाच्या आतून शाई झिरपलेली दिसते का. शाई झिरपली असेल तर बाहेरून रंगाचा हात फिरवला असण्याची शक्यता असते.

मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाच्या जुन्या अंकांत पाने मोजूनही एक गोष्ट निसटते. 1974 पासून दोनेक वर्षे वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून घ्यायचे ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापले जात. ‘इन्क्रेडिबल हल्क’ 181 हा नोव्हेंबर 1974 चा, वुल्व्हरिन या पात्राच्या पहिल्या पूर्ण दर्शनाचा अंक. मुखपृष्ठ कोरे करकरीत आणि आत स्टॅम्प कापलेला, अशा त्याच्या कितीतरी प्रती आहेत. अशी प्रत अपूर्ण ठरते आणि भाव निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. दूरवरून घेत असाल तर त्या पानाचा फोटो मागणे यात काहीच गैर नाही. तो नाकारणाऱ्याकडून घेऊ नका.

कण्यावरचा ताणही दोन प्रकारचा असतो. रंग न तुटता नुसती मोड आली असेल तर प्रेसिंगने, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन, ती बरीचशी सपाट होते. रंग फुटून पांढरी रेघ दिसत असेल तर ती कायमची. यातूनच ‘प्रेस करून घेतली तर 9.8 येईल’ असे म्हणत 9.8 चा भाव मागितला जातो. त्याला नम्रपणे नाही म्हणा. प्रेसिंग, ग्रेडिंग, दोन्ही वेळचा टपालखर्च आणि 9.4 येण्याचा धोका हे सगळे तुमच्या माथी येणार असते. महत्त्वाच्या अंकांत 9.8 आणि 9.4 यांच्या भावातली दरी मोठी असते. चांगल्या रॉ प्रतीला 9.2 ते 9.4 च्या हिशेबानेच भाव द्यावा.

प्रश्न : अदलाबदलीत नेहमी मलाच तोटा होतो असे वाटते. का?

बहुधा दोन मोजपट्ट्या वापरल्या जात असतील. समोरचा आपली प्रत मागणीच्या किमतीला धरतो आणि तुमची रोखीने पटकन विकली तर जे मिळेल त्या किमतीला. 100 ची प्रत तो 100 धरतो, तुमची 100 ची 70 धरतो, वर 30 रोख मागतो. हिशेब त्याच्या दृष्टीने चोख असतो! म्हणून अंकांची नावे घेण्याआधीच एक वाक्य ठरवून घ्या : दोन्हीकडच्या प्रती मागच्या तीन महिन्यांच्या विक्रीच्या सरासरीने धरायच्या. उरलेला फरक रोख. एका महत्त्वाच्या अंकाबदल्यात वीस किरकोळ अंक देणारा 10-20 टक्के जास्त देतो, हा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. वीस प्रती विकायला वीस गिऱ्हाइके लागतात.

प्रश्न : दुकानदाराने माझ्या पूर्ण संग्रहाला मार्गदर्शिकेतल्या किमतीच्या 30 टक्केच सांगितले. फसवणूक आहे का?

मार्गदर्शिकेतला, म्हणजे कॉमिक्सच्या भावांच्या छापील यादीतला, आकडा गिऱ्हाईक दुकानात मोजेल तो असतो, दुकानदार खरेदीत देईल तो नव्हे. जागा, संकेतस्थळाचे कमिशन, ग्रेडिंग आणि वर्षानुवर्षे पडून राहणारा माल हे सारे त्याला मधल्या फरकातून काढायचे असते. तरीही सरसकट 30 मान्य करू नका. यादी दोन भागांत करा. हमखास जाणारे महत्त्वाचे अंक वेगळे काढा, त्यांना 60-70 टक्के मागणे रास्त आहे. बाकीच्यांना 20 मिळाले तरी ठीक. विशेषतः 1990 च्या दशकातले अंक : 1991 च्या ‘एक्स-मेन’ पहिल्या अंकाच्या सुमारे 80 लाख प्रती निघाल्या आणि लोकांनी त्या पिशवीत घालून जपल्याही. त्यांना वाली नाही. दुकानातच खरेदी करणार असाल तर रोखीऐवजी त्याच दुकानात वापरायची जमा रक्कम घ्या, तीत सहसा जास्त मिळते. आणि त्याने फक्त मलईदार चार अंक उचलायचे म्हटले, तर लॉटचा, म्हणजे एकगठ्ठा संग्रहाचा, भाव रद्द होऊन सुट्या अंकांचा भाव लागू होतो, हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : 80 ला ‘दिली’ म्हटल्यावर दुसऱ्याने 95 सांगितले. काय करावे?

80 ला द्यावी. हो म्हटल्यावर किंमत बदलत नाही, ना वर ना खाली. फक्त पैसे कधीपर्यंत यायचे ते त्याच वेळी ठरवा, 48 तास पुरेसे आहेत. मुदत संपली की एकदा विचारून दुसऱ्याकडे वळायला तुम्ही मोकळे. खरेदीदारालाही हाच नियम : पाच जणांना देकार पाठवलेत आणि पाचही जण हो म्हणाले, तर पाचही प्रती घ्यायची तयारी हवी. प्रत घरी आल्यावर वर्णनात नसलेला दोष दिसला तर त्याच दिवशी फोटो पाठवा आणि परत करण्याची तयारी दाखवा. ‘राहू दे, पण 15 परत करा’ ही मागणी आधी विक्रेत्याकडून येऊ द्यावी. तुमच्याकडून आली की ती दुसऱ्या फेरीची घासाघीस वाटते, आणि पुष्कळदा असतेही.

प्रश्न : विक्रेत्याला अंकाचे महत्त्वच माहीत नाही. सांगायला हवे का?

व्यापारी असेल आणि किंमत लावलेली असेल तर सांगण्याची गरज नाही. भावाची माहिती ठेवणे हे त्याचे काम आहे. मात्र 100 ची वस्तू 20 ला लावली असताना तिथेही 15 सांगणे टाळा. घरातल्या कोणाच्या मागे राहिलेला संग्रह घेऊन आलेला माणूस ‘याचे किती येतील?’ असे विचारतो तेव्हा गोष्ट वेगळी. उत्तर दिलेत की तुम्ही सल्लागार झालात, आणि मग त्याच तोंडाने पडेल भाव सांगून घेता येत नाही. खरी किंमत सांगून तिच्या 60 टक्के देऊ करा आणि बाकीचे 40 कशासाठी ते सांगा. नाहीतर ‘मला स्वतःला घ्यायचे आहे, किंमत दुसऱ्याला विचारा’ असे स्पष्ट म्हणा. दुसऱ्या मार्गाने अंक हातचा जाऊ शकतो.

प्रश्न : प्रदर्शनात दुसरा भाव करत असताना मध्ये बोलता येते का?

त्याने प्रत खाली ठेवून पाठ फिरवेपर्यंत नाही. ‘घेतोय, जरा फिरून येतो’ म्हणून तो गेला असेल, तर किती वेळ राखून ठेवली आहे ते विक्रेत्याला विचारा. भाव करायचाच तर शेवटच्या दिवशी दुपारनंतर करा, माल परत बांधून न्यायचा कंटाळा तेव्हा तुमच्या बाजूने असतो. पहिल्या दिवशी खोकी उघडत असतानाच सवलत मागाल, तर विक्रेता तुमचा चेहरा लक्षात ठेवेल.