फुटाळ्याची फाइल उघडत का नाही? : ग्रासहॉपरमध्ये नकाशे वाचणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

राइनो या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रासहॉपर असते, त्यात कंपोनंट नावाचे ठोकळे वायरींनी जोडतात. त्याच्या कॅनव्हासवर पायथनचा कंपोनंट टाकायचा, त्यात शहराचा डेटा वाचायचा आणि साइट मॉडेल उभे करायचे, हे आता नागपुरातल्या आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे काम झाले आहे. थीसिसचे दिवस आले की प्रश्नही येतात. कंपोनंट लाल झाला तर एरर आणि केशरी झाला तर वॉर्निंग, एवढे सगळ्यांना माहीत असते. आलेले बहुतेक प्रश्न मात्र राखाडी कंपोनंटचे आहेत. तक्रार काही नाही, पण उत्तर चुकीचे.

प्रश्न : डी ड्राइव्हवर ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये धरमपेठ आणि फुटाळा अशा दोन जिओजेसन फाइल्स (नकाशातले आकार मजकुरात लिहिलेल्या) आहेत. नावे अर्थात रोमन, स्मॉल अक्षरांत. स्क्रिप्ट तीच. धरमपेठ वाचली जाते, फुटाळा दिला की फाइल सापडत नाही म्हणते. फाइल तर समोर दिसते आहे. असं काहून होतं?

तुम्ही फाइलचा पत्ता थेट कोडमध्ये, साध्या अवतरणचिन्हांत लिहिला आहे. पायथनमध्ये बॅकस्लॅशमागे स्मॉल एफ आला की ती दोन अक्षरे मिळून ‘फॉर्म फीड’ नावाचे एक अदृश्य अक्षर होते. जुन्या प्रिंटरला पुढचे पान घे म्हणून सांगणारे. तुमचा फुटाळा तिथेच बुडाला. डीला असा काही खास अर्थ नाही, म्हणून ‘डेटा’ही वाचला आणि धरमपेठही. आपल्या गावाचे नशीब बघा : एन म्हणजे नवी ओळ, टी म्हणजे टॅब, बी म्हणजे बॅकस्पेस, ए म्हणजे घंटी. नागपूर, तेलंगखेडी, बर्डी, अंबाझरी सगळेच अडकतात. सोनेगाव, गोरेवाडा आणि धरमपेठ तेवढे सुटतात.

अवतरणचिन्हाच्या आधी आर लावा किंवा सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरा. माझे मत विचाराल तर पत्ता कोडमध्ये ठेवूच नका. ‘फाइल पाथ’चे पॅरामीटर कॅनव्हासवर ठेवा आणि त्याची वायर कंपोनंटला द्या. बाहेरून आलेल्या मजकुरात बॅकस्लॅश हा बॅकस्लॅशच राहतो. शिवाय सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल मैत्रिणीच्या लॅपटॉपवर गेली, तर काय बदलायचे ते तिला समोर दिसते.

प्रश्न : ओपनस्ट्रीटमॅपवरून सीताबर्डीच्या इमारती घेतल्या. कर्व्हची संख्या बरोबर येते, पण मॉडेलमध्ये सगळे मिळून एक ठिपका. बाउंडरी सरफेस जवळपास कुठल्याच इमारतीची होत नाही. शेवटी सगळे १,११,००० पटीने स्केल केले. आता दिसायला ठीक आहे, पण सर्व्हेयरच्या ड्रॉइंगवर बसत नाही.

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्या आहेत.

तुमचे आकडे अंशांत आहेत : रेखांश ७९.०८ च्या आसपास, अक्षांश २१.१५ च्या आसपास. राइनोला अंश कळत नाहीत, तो त्यांना मीटर समजतो. त्यामुळे अख्खी बर्डी मीटरच्या एका छोट्या तुकड्यात मावते. फाइलचा टॉलरन्स (याहून कमी अंतर राइनो शून्य धरतो) ०.००१ असेल, तर अंशांच्या हिशेबाने तो झाला ११० मीटर. वीस मीटर लांबीची इमारत त्याच्यापुढे एक बिंदूच आहे. बिंदूची सरफेस कोण करणार?

दुसरी गोष्ट स्केलची. नागपूरच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश साधारण ११०.७ किलोमीटरचा भरतो, पूर्व-पश्चिम एक अंश मात्र १०३.९ किलोमीटरचाच. दोन्हीकडे एकच आकडा वापरलात की शहर पूर्व-पश्चिम सुमारे सात टक्के ताणले जाते. शंभर मीटर रुंदीचा प्लॉट १०७ मीटरचा होतो. ज्युरीला ते दिसणार नाही, सर्व्हेयरला लगेच दिसेल.

यावर उपाय म्हणजे डेटा मीटरमध्ये असलेल्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) आधीच बदलून घेणे. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर एक्सपोर्ट करताना सीआरएस, म्हणजे कोऑर्डिनेटची पद्धत, विचारली जाते, तिथे यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडणारी पद्धत) झोन ४४ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४४ निवडा. ४३ नाही, ४४. पुण्या-मुंबईकडच्या ट्युटोरियलमध्ये ३२६४३ असते आणि आपली मुले ते तसेच उचलतात. झोनची सीमा ७८ अंश रेखांशावर आहे : अमरावती ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. झोन चुकला तरी एरर येत नाही. इमारती इमारतींसारख्याच दिसतात. फक्त किलोमीटरमागे जवळपास दोन मीटर वाढतात आणि उत्तर दिशा दीड अंशाने तिरकी होते. दुसरी एखादी लेयर ४४ मध्ये असेल तर दोन्हींमध्ये सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर पडते. ते बरे, निदान चूक कळते तरी.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण प्रोजेक्शन बदलले की ती येणारच. झोन ४४ मध्ये बर्डीचे कोऑर्डिनेट साधारण ३,००,००० आणि २३,४०,००० असे येतात. कर्व्हचे आकडे राइनो पूर्ण अचूकतेने जपतो, पण पडद्यावर दाखवताना आणि बऱ्याच मेशमध्ये ३२ बिटांचे आकडे वापरले जातात. त्यात २३ लाखांच्या घरात दोन शेजारच्या आकड्यांमधले अंतर पाव मीटर असते. म्हणून कडा थरथरतात, भिंती दातेरी दिसतात. मॉडेल मिलिमीटरमध्ये केले तरी सुटका नाही. तिथे तेच अंतर २५६ मिलिमीटर होते. पॉइंट तयार करण्याच्या आधी, स्क्रिप्टमध्येच, दोन्ही आकड्यांतून एक ठरावीक रक्कम वजा करा आणि ती पॅनलमध्ये लिहून ठेवा. रस्ते, इमारती, नाले, सगळ्यांना तीच. प्रत्येक फाइलचा स्वतःचा कोपरा शून्यावर आणणारे लोक आहेत. त्यांचे रस्ते मग इमारतींच्या पोटातून जातात.

प्रश्न : गूगल मॅप्सवरून कॉपी केलेले साइटचे बिंदू जिओजेसनच्या लेयरवर येतच नाहीत.

गूगल मॅप्स अक्षांश आधी देतो. जिओजेसनमध्ये रेखांश आधी. २०१६ च्या आरएफसी ७९४६ ने ते पक्के केले आहे. अदलाबदल झाली की आपली साइट ७९ अंश उत्तर, २१ अंश पूर्व इथे जाते, म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार बेटांकडे. मे महिन्यात कल्पना वाईट नाही. पायप्रोज ही कोऑर्डिनेट बदलणारी लायब्ररी वापरत असाल तर ट्रान्सफॉर्मर बनवताना ‘ऑलवेज एक्सवाय’ ट्रू ठेवा, नाहीतर ही अदलाबदल तुमच्या नकळत ती लायब्ररीच करते.

प्रश्न : तळ्यांचे पॉलिगॉन वाचून बाहेर पाठवले की पॅनलमध्ये प्रत्येक तळ्यामागे ‘आयर्नपायथन डॉट रनटाइम डॉट लिस्ट’ एवढीच ओळ येते. फ्लॅटन केले तर बिंदू मिळतात, पण सगळी तळी एकाच रेषेने जोडली जातात. गांधीसागर वाचताना तर आकार भलताच येतो.

ग्रासहॉपरला यादी कळते, पण यादीतली यादी कळत नाही. तुम्ही पायथनची बंद यादी वायरीत टाकलीत, पुढच्या कंपोनंटने तिचे फक्त नाव वाचले. फ्लॅटनने कुंपणे पाडून सगळे बिंदू एका रांगेत उभे केले. हवा आहे डेटा ट्री, म्हणजे फांद्यांमध्ये वाटलेली यादी. राइनो ७ पर्यंतच्या जीएचपायथनमध्ये ‘ट्रीहेल्पर्स’मधले ‘लिस्ट टू ट्री’ हे फंक्शन काम भागवते. पण तळ्यांसाठी पाथ, म्हणजे फांदीचा पत्ता, स्वतःच लिहा, तीन आकड्यांचा : कितवे तळे, त्याचा कितवा तुकडा, तुकड्याची कितवी कडी, म्हणजे बंद रेषा.

तीन कशाला, ते गांधीसागरावरून कळेल. तळ्याच्या मधे बगिच्याचे बेट आहे. जिओजेसनच्या पॉलिगॉनमध्ये पहिली कडी बाहेरची, पुढच्या सगळ्या कड्या म्हणजे भोके. तुमच्या स्क्रिप्टने दोन्ही कड्यांचे बिंदू एका पॉलीलाइनमध्ये ओवले, म्हणून काठावरून एक रेष थेट बेटावर उडी मारते. आणि एखादे तळे मल्टिपॉलिगॉन असेल तर घडी आणखी एक पदर खोल असते. तिथे कोऑर्डिनेटमधला शून्यावा घटक म्हणजे कडी नव्हे, अख्खा पॉलिगॉन. म्हणून आधी भूमितीचा ‘टाइप’ वाचा, मग खोलात शिरा.

तुमच्या कोडमध्ये ‘ट्राय’च्या खाली ‘एक्सेप्ट’ आणि त्यात नुसते ‘पास’ आहे. ते आजच काढा. कंपोनंट लाल होऊ द्या. कितव्या तळ्यावर अडकला ते प्रिंट करा. चूक गिळणारा कोड चूक करणाऱ्या कोडपेक्षा वाईट. जाता जाता : कडीचा शेवटचा बिंदू पहिल्याचीच नक्कल असतो. पॉलीलाइनला वर ‘क्लोज्ड’ ट्रू दिलेत की शून्य लांबीचा तुकडा तयार होतो आणि ऑफसेट बिघडतो.

प्रश्न : वॉर्डांची शेपफाइल (नकाशाच्या डेटाचा एक फाइलप्रकार) मराठीत आहे. नावांच्या जागी रोमन अक्षरे, येन आणि युरोची चिन्हे दिसतात. काही नावांवर स्क्रिप्ट थांबतेच.

येन आणि युरो दिसताहेत हे चांगले लक्षण आहे, डेटा शाबूत आहे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ते विंडोजच्या जुन्या, एका बाइटला एक अक्षर धरणाऱ्या कोडपेजने वाचले की एका चिन्हाची तीन होतात, आणि दीर्घ ईकाराची वेलांटी तर नेमकी मात्रेवाला ए, येन आणि युरो अशी उलगडते. मोजून बघा : ‘नागपूर’मध्ये काना-उकार धरून सहा चिन्हे आहेत, पॅनलमध्ये अठरा दिसली तर निदान पक्के. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहा. शेपफाइलसोबत सीपीजी नावाची छोटी फाइल असते, एन्कोडिंगची नोंद तिच्यात असते. डीबीएफ (माहितीचा तक्ता) आणि एसएचपी (आकार) तेवढे घेऊन लोक हीच फाइल मागे सोडून येतात.

स्क्रिप्ट थांबते त्याचे कारण वेगळे. डीबीएफमध्ये रकान्याची रुंदी बाइटमध्ये ठरलेली असते. वीस बाइटचा रकाना असेल तर ‘सीताबर्डी’ त्यात मावत नाही. नऊ चिन्हे म्हणजे सत्तावीस बाइट. ‘सीताबर’पर्यंत अठरा बाइट जातात आणि उरलेल्या दोनांत हलन्ताचा दोन-तृतीयांश तुकडा राहतो. त्या तुटक्या शेपटीवर डिकोडर अडतो. डिकोड करताना ‘इग्नोर’ दिले की स्क्रिप्ट पुढे जाईल, पण नाव ‘सीताबर’च राहील. कापलेले परत येत नाही, त्यासाठी मूळ डेटा जिओपॅकेज या फाइलप्रकारात मागा. रकान्यांची नावेही डीबीएफमध्ये दहा अक्षरांवर कापली जातात. ‘की एरर’ आला तर आधी तिकडे बघा.

प्रश्न : हिंगणा ते बर्डी असा जमिनीचा सेक्शन हवा आहे. एसआरटीएमची (अंतराळातून मोजलेल्या जमिनीच्या उंच्यांची) एचजीटी फाइल स्क्रिप्टने वाचली तर नागपूरची उंची तेरा-चौदा हजार मीटर येते. मधेच १२८ मीटरचे खड्डे. हिंगणा तर कुठेच नाही.

सुंदर प्रश्न. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर. झीरो माइलच्या दगडावर १०२०.१७१ फूट कोरलेले आहे, ते जवळपास ३११ मीटर होतात. तुमच्याकडे हाताशी असलेला हा पडताळा. ३१० हा आकडा दोन बाइटमध्ये लिहिला तर पहिल्यात १ आणि दुसऱ्यात ५४, कारण २५६ अधिक ५४. एचजीटीमध्ये मोठा बाइट आधी असतो. तुमची स्क्रिप्ट लहान आधी धरते, म्हणून ती ५४ गुणिले २५६ अधिक १ करते : १३,८२५. जमीन एक मीटर चढली की तुमचा आलेख २५६ ने उडी मारतो. खड्ड्यांचेही तेच. जिथे स्पेस शटलवरच्या रडारला मोजमाप मिळाले नाही तिथे फाइलमध्ये उणे ३२,७६८ असते आणि बाइट उलटे वाचले की त्याचे साळसूद १२८ होते. पायथनच्या ‘स्ट्रक्ट’मध्ये एचच्या आधी ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह लावा. उणे ३२,७६८ ला उंची समजू नका, वगळा.

फाइलचा आकारही बघा. २,५९,३४,४०२ बाइट असतील तर एका बाजूला ३६०१ बिंदू, २८,८४,८०२ असतील तर १२०१. आणि पहिली ओळ उत्तरेची असते, दक्षिणेची नव्हे. ३६०१ च्या फाइलमध्ये बर्डी वरून साधारण ३०६० व्या ओळीत आणि डावीकडून २८८ व्या रकान्यात सापडेल. खालून मोजलेत तर छिंदवाड्याच्या वाटेवरचा सातपुडा हाती येईल.

हिंगणा का नाही? फाइलचे नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे असते. उत्तर २१, पूर्व ७९ ही फाइल ७९ अंशांपासून पुढे सुरू होते आणि हिंगणा त्या रेषेच्या पश्चिमेला पडतो. पूर्व ७८ ची फाइलही घ्या. दोन फाइल्सचा सीमेवरचा रकाना सामाईक असतो. एकातला काढून टाका, नाहीतर मेशमध्ये दुहेरी बिंदूंची शिवण राहते.

एक सावधगिरी. या उंच्यांत मोबाइलच्या जीपीएसची कच्ची उंची मिसळू नका. एसआरटीएम जिऑइडपासून (सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठभागापासून) मोजते, कच्चा जीपीएस एलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून), आणि भारतात या दोहोंतला फरक कित्येक मीटरांचा आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो शंभराच्या पुढे जातो.

प्रश्न : स्लायडर हलवला की पूर्ण ग्रासहॉपर गोठते.

स्क्रिप्ट दर वेळी फाइल पुन्हा वाचते आहे. वाचणारा कंपोनंट आणि आकार काढणारा कंपोनंट वेगळे करा, स्लायडरची वायर फक्त दुसऱ्याला द्या. पहिल्याच्या इनपुटवर राइट क्लिक करून ‘आयटम ॲक्सेस’ आहे का तेही बघा. तसे असेल आणि चारशे नावांची यादी आत येत असेल, तर स्क्रिप्ट चारशे वेळा चालते आणि फाइलही चारशे वेळा उघडते. ‘लिस्ट ॲक्सेस’ करा. तरीही जड वाटले तर मधे डेटा डॅम, म्हणजे सांगेपर्यंत डेटा अडवून धरणारा कंपोनंट, टाका.