अंटार्क्टिकाला जायचंय, पण कोणतं काम घेऊन?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते ओपनकास्ट कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपर-डोझर दुरुस्त करणारे मेकॅनिक आहेत. मुलगी यंदा बारावी सायन्स ७८ टक्क्यांनी पास झाली, सीईटीतही मार्क बरे आहेत. घरच्यांचा कल इंजिनिअरिंगकडे. मुलगी म्हणते, बीएस्सीला भूगर्भशास्त्र घेईन आणि अंटार्क्टिकाला जाईन. वडील विचारतात, "सर, हे टीव्हीवरचं खूळ आहे की असं करिअर खरंच असतं? त्यात पोट भरतं का? आणि तिची आई म्हणते, पोरीला वर्षभर त्या बर्फात कोण पाठवणार?"

नमस्कार भाऊ,

पत्र वाचून पहिल्यांदा जे मनात आलं तेच आधी सांगतो. तुमच्या घरात अंटार्क्टिकाच्या सगळ्यात जवळ कोणी असेल तर ते तुम्ही आहात, मुलगी नव्हे. थट्टा करत नाही. भारताची तिथे दोन स्थानकं चालू आहेत. १९८९ पासूनचं मैत्री आणि २०१२ पासूनचं भारती. अख्खा हिवाळा तिथे काढणाऱ्या तुकडीत निम्मे लोक तरी शास्त्रज्ञ नसतात. डिझेल मेकॅनिक असतात, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, स्वयंपाकी, डॉक्टर असतात. मैत्री समुद्रकाठापासून साधारण शंभर किलोमीटर आत आहे. जहाजातून उतरलेलं डिझेल आणि धान्य पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फगाड्या बर्फावरून ओढत नेतात. अशी गाडी वाटेत बंद पडली की पीएचडी झालेल्या माणसाचा काही उपयोग नसतो. हायड्रॉलिकचा होज बदलता येणारा माणूस लागतो.

हे सांगायचं कारण असं, की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ध्रुवावर जाणं हा स्वतंत्र धंदा नाही. तिथे जो तो आपापलं काम घेऊन जातो. आपल्याकडे बारावीनंतर ‘ध्रुवीय विज्ञान’ नावाची पदवी शोधत बसाल तर वेळ जाईल, आणि तशी जाहिरात कोणी केलीच तर आधी संशय घ्या. तेव्हा मुलीला ‘अंटार्क्टिकाला का जायचंय’ असं विचारू नका. ‘तिथे जाऊन कशाकडे बघायचंय’ असं विचारा. दगड, बर्फ, हवा, समुद्र, की पृथ्वीचं चुंबकत्व? प्रत्येकाची वाट वेगळी आहे. ‘पेंग्विन’ असं उत्तर आलं तर प्राणिशास्त्र घ्यावं लागेल. (आणि पेंग्विनशेजारी पांढरं अस्वल काढलेलं पोस्टर घरात असेल तर उतरवा. अस्वलं उत्तरेची, पेंग्विन दक्षिणेचे, त्यांची गाठ पडत नाही. उत्तरेला जमिनीनं वेढलेला समुद्र आहे, वर गोठलेल्या पाण्याचा पातळसा थर. दक्षिणेला समुद्रानं वेढलेली जमीन आहे, भारताच्या चौपटीहून मोठी, आणि तिच्यावर सरासरी दोन किलोमीटरच्या आसपास जाडीचं बर्फ.)

तिनं भूगर्भशास्त्र म्हटलंय, म्हणजे दगड. मला ते खूळ वाटत नाही. सांगतो का ते.

खाणीत ओबी, म्हणजे कोळशावरची माती-दगड, उचलताना वरचा करडा शेल (चिखल घट्ट होऊन झालेला थरांचा खडक) फुटतो, तेव्हा त्यात पानाचे ठसे तुम्ही पाहिले असतील. जिभेसारखं लांबट पान, मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. त्याचं नाव ग्लॉसॉप्टेरिस. ग्रीकमध्ये ग्लॉसा म्हणजे जीभ. तुमचा कोळसा बनला तो बराचसा याच झाडांचा. आता दुसरीकडे बघा. १९१२ साली ब्रिटिश कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परत येत होते. खायला पुरेसं नव्हतं, पाय हिमदंशानं गेलेले. तरी बिअर्डमोर हिमनदीच्या कडेला थांबून त्यांनी दगड गोळा केले आणि सुमारे १६ किलोचं ते ओझं शेवटपर्यंत टाकलं नाही. पाचपैकी एकही जण परत आला नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबूत मृतदेह सापडले आणि सोबत ते दगडही. त्या दगडांत हेच पान होतं. तुमच्या शेलमधलं.

म्हणजे चंद्रपूर आणि अंटार्क्टिका एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते. त्याला गोंडवाना म्हणतात. हे नाव तुमच्याच मुलखातल्या गोंडांवरून पडलं, हे तिला नक्की ठाऊक असेल. नसेल तर तुम्ही सांगा, तेवढीच बापाची कॉलर ताठ. आणखी एक. चंद्रपूरच्या नैऋत्येला, पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ, चुनखडीच्या खडकावर घासल्यासारखे सरळ ओरखडे आहेत. १८७० च्या दशकात भूवैज्ञानिकांनी त्यांची नोंद केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथून बर्फाची लादी सरकत गेली. तिच्या तळाशी अडकलेल्या दगडगोट्यांनी खालचा खडक पॉलिश पेपरनं घासावा तसा घासला. आज त्याच जिल्ह्यात मे महिन्यात ४७-४८ अंशांत माणसं होरपळतात. घुग्घुसच्या पोरीला बर्फाचं वेड लागलं तर ते टीव्हीवरून आलंय असं मी तरी म्हणणार नाही.

आता काम नेमकं कसं असतं ते. इथे मी मुलांचा थोडा हिरमोड करतो. ध्रुवीय शास्त्रज्ञाचं बहुतेक आयुष्य ध्रुवावर जात नाही. आपली मुख्य संस्था राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, आणि ती आहे गोव्यात, वास्कोच्या हेडलँड सड्यावर. बाहेर नारळाची झाडं आणि घाम. आत बर्फाच्या नमुन्यांसाठी उणे २० अंशांची खोली, तिथे जाड कोट घालून माणसं बर्फाच्या कांड्या करवतीनं कापतात. त्या कांड्या म्हणजे बर्फात भोक पाडून काढलेले लांब दंडगोल. दरवर्षीचं बर्फ आदल्या वर्षीच्या बर्फावर बसतं, दबतं आणि त्यात त्या काळातल्या हवेचे बुडबुडे अडकतात. अंटार्क्टिकाच्या डोम सी इथे युरोपच्या पथकानं काढलेल्या कांडीत आठ लाख वर्षांची हवा मिळाली. त्या साऱ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ३०० भागांवर कधी गेला नव्हता. आज तो ४२० च्या वर आहे. हे वाक्य लिहायला मला दहा सेकंद लागली. ते सिद्ध करायला लोकांची अर्धी हयात खोलीत बसून बुडबुडे मोजण्यात गेली.

ओझोनच्या छिद्राचंही तसंच. ब्रिटिशांच्या हॅली स्थानकावर १९५० च्या दशकापासून एकाच प्रकारच्या उपकरणानं ओझोन मोजत होते. जोनाथन शँकलिन नावाच्या तरुणाकडे काम आलं ते साठलेल्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवण्याचं. कारकुनीच म्हणा. पण त्या रटाळ आकड्यांतूनच दिसलं की दर वसंतात ओझोन घसरतोय. १९८५ मध्ये त्याच्यासह तिघांनी मिळून ते छापलं आणि दोनच वर्षांत ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला. तुमच्या मुलीला एक्सेलच्या तक्त्यासमोर तासन्‌तास बसायचा कंटाळा असेल तर तिनं हा नाद आत्ताच सोडावा. उणे ४० ची थंडी सोसवते, तक्ता सोसवत नाही, असे विद्यार्थी मी पाहिलेत.

वाट सरळ आहे, फक्त लांब आहे. बीएस्सीला भूगर्भशास्त्र मुख्य विषय, जोडीला भौतिकशास्त्र किंवा गणित. हे जोडीचं फार महत्त्वाचं. बर्फाखालचा खडक बघायला रडार आणि भूकंपलहरी वापरतात, तिथे गणित कच्चं असलेला अडतो. थोडं प्रोग्रॅमिंग शिकावं, पायथनपुरतं. मग जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. नाहीतर नागपूर विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग जुना आणि चांगला आहे. त्यानंतर नेट, म्हणजे फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा, मग पीएचडी. नेटमधून फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार, वर घरभाडं. अंटार्क्टिकाची मोहीम येते ती या टप्प्यावर. संशोधन प्रकल्प मंजूर व्हावा लागतो आणि त्यातून नाव पाठवलं जातं. म्हणजे आजपासून किमान सहा-सात वर्षं. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था, हवामान खातं, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, सगळे आपापली माणसं पाठवतात.

एक चूक माझ्या हातून झालेली आहे, ती तुमच्याकडून होऊ नये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलानं ‘मला पृथ्वीचा अभ्यास करायचाय’ म्हटलं आणि मी त्याला भूगोल घेऊन बीए सुचवलं. भूगोल वाईट नाही, नकाशे आणि उपग्रहचित्रांत त्याला चांगली कामं आहेत. पण त्या मुलाला खडक हवे होते आणि पुढे एमएस्सीच्या दारात तो अडकला. फॉर्म भरताना भूगोल आणि भूगर्भशास्त्र यांत गल्लत होऊ देऊ नका. प्रवेशाच्या खिडकीवरचा माणूससुद्धा करतो.

पोट भरतं का? ध्रुवीय संशोधनात कायमच्या जागा थोड्या आहेत, प्रकल्पावरच्या कंत्राटी जागा जास्त, आणि तिशी येईपर्यंत बॅचच्या इंजिनिअर मैत्रिणी दुप्पट कमावताना दिसतील. हे मी लपवणार नाही. पण तुमचं नशीब असं की तुम्ही विदर्भात आहात. ध्रुवाचं जमलं नाही तरी भूगर्भशास्त्राची पदवी वाया जात नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपुरात, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपुरात, गावोगावच्या विहिरी बघणारी भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, कोळसा कंपन्या तर दारात. यूपीएससीची भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा असते. कोणत्याही साध्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून पुण्यात फिरणाऱ्या मुलापेक्षा हिचं ताट जास्त रिकामं राहील असं मला वाटत नाही.

राहता राहिला वहिनींचा प्रश्न. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन भारतीय स्त्रिया गेल्या. सुदीप्ता सेनगुप्ता भूवैज्ञानिक, आणि अदिती पंत समुद्रवैज्ञानिक. अदिती पंत जन्मानं नागपूरच्या, बीएस्सी पुण्याच्या. त्यानंतर पुष्कळ गेल्या. इस्रोच्या मंगला मणी तर छप्पन्नाव्या वर्षी भारतीवर गेल्या आणि वर्षाहून जास्त राहिल्या. २३ जणांच्या तुकडीत त्या एकट्याच बाई. जाण्याआधी दिल्लीच्या एम्समध्ये शरीराची आणि मनाची कसून तपासणी होते, मग औलीला बर्फावर प्रशिक्षण. नापास होणारे पुरुषही असतात. शिवाय बहुतेक संशोधक फक्त तिकडच्या उन्हाळ्यात, नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास जाऊन येतात. वर्षभर राहणं वेगळं. मैत्रीवर दोनेक महिने सूर्यच उगवत नाही, आणि मधल्या काळात घरी कोणाचं काही बरंवाईट झालं तरी परत येण्याची सोय नसते. वहिनींना काळजी करायचीच असेल तर थंडीची नको, याची करावी. तीही सहा-सात वर्षांनी.

इंजिनिअरिंगचा फॉर्म भरला असेल तर लगेच रद्द करू नका. आधी एक करा. एखाद्या सुटीच्या दिवशी, जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना गाठून, मुलीला इरईला घेऊन जा. सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या, होकायंत्र आणि वही घ्या. ओरखडे सापडले की ते कोणत्या दिशेनं जातात ते तिला मोजू द्या, आणि बर्फ दोनपैकी कुठल्या टोकाकडून आलं असेल ते तिचं तिला शोधू द्या. तुम्ही सावलीत बसा. तासाभरात ती ‘चला ना घरी’ म्हणाली तर सीईटीचा राउंड आहेच. दुपार होऊन गेली तरी उठायला तयार नसेल तर मला पुन्हा पत्र लिहा, कॉलेजांची नावं कळवतो.