मुलाखतीआधी एवढं बघून घे

टिळकवाडीत भेटलास तेव्हा अमेरिकन नागरिकत्वाच्या प्रश्नांचीच धास्ती घेतली होतीस. त्याचं एवढं नाही रे. नव्या परीक्षेत १२८ प्रश्नांतले २० विचारतात, १२ बरोबर आले की बास.

खरी मेख कागदांत. आपलं बेळगाव २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी. माझ्या दोन कागदांवर दोन नावं, अधिकाऱ्यानं विचारलंच. शांतपणे सांगितलं, मिटलं. लग्नाचा दाखला कन्नडमध्ये असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर, भाषांतर करणाऱ्याच्या सहीच्या प्रमाणपत्रासकट ने. अर्जातला परदेश प्रवासाचा तक्ता पासपोर्टच्या शिक्क्यांशी ताडून बघ. गणपतीला आलेले पंधरा दिवससुद्धा त्यात हवेत. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार, उगीच मान डोलवू नको.

आणि शपथेनंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, हे आईला आधीच सांगून ठेव.