कॅसिनोत हरलेले पैसे जिंकलेल्या रकमेतून वजा करून कर भरता येतो का?

गोव्याच्या कॅसिनोत जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर कापला गेला, पण त्याच वर्षात त्याहून जास्त पैसे तिथेच गेले, तर विवरणपत्रात तो तोटा दाखवून परतावा मागता येईल का, असे आपण विचारले आहे. येणार नाही. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ११५बीबीनुसार लॉटरी, पत्ते, शर्यती आणि जुगार यांच्या मिळकतीवर सरसकट ३० टक्के कर लागतो आणि कलम ५८(४) त्यातून कोणताही खर्च वजा करू देत नाही. बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असले तरी त्या मर्यादेचा आधार या रकमेला मिळत नाही.

हाच प्रश्न आमच्या घरात एकदा असा पेटला होता की अजूनही सणासुदीला त्याची धग लागते. माझे थोरले चुलतभाऊ खानापूर तालुक्यात शेती करतात. कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद असल्यामुळे बाजाराच्या कामासाठी बेळगावात आले की दादा सीमेपलीकडे महाराष्ट्रातले शिनोळी गाठून महाराष्ट्र राज्य लॉटरीची तिकिटे घेत. अखेर त्यांना एक लाखाचे बक्षीस लागले आणि हातात सत्तर हजार पडले. मी बेळगावात एका कर सल्लागाराकडे जमाखर्च पाहतो, त्यामुळे राहिलेले तीस हजार ‘सोडवून आणण्याचे’ काम माझ्याकडे आले.

दादांनी माझ्यासमोर बिस्किटांचा डबा उघडला. आत न लागलेल्या तिकिटांचे गठ्ठे रबर लावून, महिनावार रचून ठेवलेले होते. एवढी नेटकी फाईल आमच्या कार्यालयातले व्यापारीसुद्धा आणत नाहीत! मात्र मी गठ्ठा उलटून पाहिला तेव्हा काही तिकिटांच्या पाठीवर बॉलपेनने भलत्याच माणसांची नावे लिहिलेली निघाली, कारण स्टॉलसमोर लोकांनी टाकून दिलेली तिकिटेही त्यांनी वेचून आणली होती. न लागलेले तिकीट वजावटीला चालले असते, तर साऱ्या तालुक्यात रस्त्यावर एक कागद शिल्लक राहिला नसता. म्हणूनच हा नियम कडक असला तरी मला तो योग्य वाटतो.

दादांचे दोन युक्तिवाद होते. पहिला असा की लॉटरी महाराष्ट्राची आणि आपण कर्नाटकातले, तेव्हा इथे कर कसला? प्राप्तिकर केंद्राचा आहे. सीमाप्रश्नाचे काहीही होवो, या कराच्या दृष्टीने शिनोळी आणि बेळगाव यांच्यामध्ये रेघ नाही. दुसरा युक्तिवाद अमेरिकेतल्या भाच्याने फोनवरून पुरवलेला होता. तिकडे हरलेले पैसे वजा होतात हे खरे आहे, पण तेही जिंकलेल्या रकमेपुरतेच आणि सर्व वजावटी तपशीलवार मांडणाऱ्यालाच. शिवाय २०२६ पासून तिथेही तोट्याच्या ९० टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते. भाच्याने आपल्या विवरणपत्रात काय लिहावे हा त्याचा प्रश्न; खानापूरच्या शेतकऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मी तिकिटांचा तोटा दाखवायला साफ नकार दिला. उलट, बक्षीस देताना फक्त ३० टक्के कापले जातात, त्यावरचा ४ टक्के उपकर विवरणपत्र भरताना द्यावा लागतो, म्हणून दादांना आणखी १,२०० रुपये भरायला लावले. काकूंनी त्यावर ‘घरचा माणूस असून खिशातले काढून घेतले’ असे चारचौघांत सुनावले. काकूंना आणि आपल्याला माझे एकच सांगणे आहे: तीस हजार मी घालवले नव्हते, ते बक्षीस लागले त्याच क्षणी सरकारचे झाले होते.

आपण आता एवढे करावे. फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, काढून त्यातली कर कापण्यापूर्वीची पूर्ण रक्कम दाखवावी, बँकेत जमा झालेली नव्हे, आणि विवरणपत्राचा साधा नमुना, आयटीआर-१, वापरू नये, कारण त्यात ही मिळकत दाखवता येत नाही; पगारदाराला आयटीआर-२ लागतो.

दोन अपवाद आधीच सांगायला हवे होते. ऑनलाइन खेळांसाठी २०२३ पासून कलम ११५बीबीजे आले. त्यात वर्षभराची निव्वळ जिंकलेली रक्कम धरतात, म्हणजे काढलेल्या आणि शिल्लक पैशांतून भरलेले पैसे वजा होतात, पण तोटा पुढच्या वर्षी नेता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी आधीच्या मिळकतीवरचा कर चुकत नाही. दुसरा अपवाद शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या मालकांचा आहे. त्यांना घोडे सांभाळण्यातला तोटा चार वर्षे पुढे नेता येतो, आणि तोही घोड्यांच्याच उत्पन्नातून वजा होतो. वरची कलमे १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा त्याच्या जागी लागू असल्याने त्यानंतरच्या मिळकतीसाठी नवे क्रमांक पाहावेत.