तुझ्या मिश्रीचं काय?

"ताई, मी घणसोलीला राहते. पाचवा महिना चालू आहे. मिस्टर तुर्भ्याला मार्केटमध्ये टेम्पोवर आहेत. दिवसभर गालात तंबाखूचा बार. बेसिन, गॅलरीची जाळी, जिन्याचा कोपरा, सगळीकडे पिचकाऱ्या. मला किळस येते. बाळ येणार आहे, आता तरी सोडा म्हटलं की हसतात. सासूबाईही त्यांचीच बाजू घेतात. तशा त्या प्रेमळ आहेत. मला सारखं मळमळायचं तेव्हा त्यांनीच मिश्री लावायला शिकवली, आता सकाळ-संध्याकाळ दोघी बरोबरच लावतो. बाळासाठी यांची तंबाखू कशी सोडवू?"

अगं, एवढ्या पत्रात तुझ्या मिश्रीला एक ओळ. मी त्या ओळीवरच अडकले आहे.

मिश्री कशी करतात ते तू घरात बघत असशील. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. भाजली म्हणून तिच्यातलं निकोटिन जात नाही. बोटाने हिरडीवर घासलीस की ते तिथूनच रक्तात उतरतं आणि रक्तातून वारेवाटे बाळाकडे जातं. वारेच्या रक्तवाहिन्या त्याने आकसतात, बाळाला मिळायचं ते कमी मिळतं. मळमळ थांबते म्हणतेस? बहुतेकींची मळमळ चौथ्या महिन्यापर्यंत आपसूक जाते. तुझीही गेली असेल. उरली आहे ती तलफ.

आता तुझ्या नवऱ्याचं. तो बिडी ओढत असता तर धुरावरून मीही तुझ्या बाजूने भांडले असते. पण चघळलेल्या तंबाखूला धूर नसतो. ती त्याचा गाल, जीभ, जबडा खाईल, आणि ते भयंकरच आहे. पण पोटातल्या बाळापर्यंत पोचणारी तंबाखू तुमच्या घरात एकाच माणसाच्या तोंडात आहे, आणि ते माणूस दुसऱ्याच्या पिचकाऱ्या मोजतंय.

रागावलीस? रागाव. पण हे माझ्या पदरचं नाही. मुंबईतल्या 1217 गरोदर बायकांची नोंद ठेवून केलेला अभ्यास 2004 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायकांत मिश्रीवाल्या पुष्कळ होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. पुढच्या नोंदींत बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाणसुद्धा वाढलेलं दिसलं. पाचव्या महिन्यात तुला हे सांगताना मला बरं वाटत नाही. पण सातव्यात सांगण्यापेक्षा आज सांगितलेलं बरं. अजून चार महिने तुझ्या हातात आहेत.

माझी खात्री आहे, तपासणीच्या वेळी तुला "तंबाखू खाता का?" असं विचारलं असेल आणि तू मान हलवून नाही म्हणाली असशील. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, मिश्री तुझ्या हिशेबात दात घासण्यात जाते म्हणून. तेवढंच एक दुरुस्त कर. डॉक्टरांसमोर बसून म्हण, "मॅडम, मी रोज दोन वेळा मिश्री लावते." लाजू नकोस, हे वाक्य ऐकणाऱ्या त्या पहिल्या नसतील. आणि डबी आजच उचल. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, विनाकारण रडू येईल. ते सरतं. मेडिकलमधून निकोटिनच्या गोळ्या मनाने आणून चघळू नकोस, या दिवसांत ते डॉक्टरच ठरवतील. अगदीच राहवेना झालं तर 1800-11-2356 लाव. तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या काळी त्यांनाही असंच कुणीतरी मायेने शिकवलं असणार. "आई, डॉक्टरीणबाईंनी बंद करायला सांगितलंय," एवढं पुरे. सुनेचं न ऐकणारी बाईसुद्धा नातवाच्या वजनाचं ऐकते.

नवऱ्याच्या गालात पांढरा चट्टा, बरी न होणारी जखम किंवा तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काही असेल तर मात्र थांबू नकोस, दातांच्या डॉक्टरांकडे ने. बाकी त्याच्या सवयीचं पुढच्या पत्रात बघू. तुझ्या पुढच्या तपासणीची तारीख मात्र तू लिहिलेली नाहीस. ती महिनाअखेरीस असली तरी याच आठवड्यात जाऊन ये.